पेटीतला कॅप्टन आणि शेजारची वीस घरं

तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. सासूबाई गेल्यावर घर आवरताना तुमच्या मिस्टरांच्या खापरपणजोबांची एक पेटी निघाली. त्यात घराण्याच्या नोंदी असलेलं बायबल, पाकिटासकट एक पत्र आणि पत्र्यावर काढलेला एक फोटो. पत्राच्या डोक्यावर ‘डाल्टनजवळची छावणी, फेब्रुवारी १८६४’ एवढं लागतं. पाकिटावर तिकीट आणि बायकोचं नाव-गाव, बाकी काही नाही. जॉर्जियातल्या रॉकडेल काउंटीत त्यांचं थडगं आहे, त्याच्या बाजूला एक लोखंडी क्रूस. घरात सांगत आलेत की अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) ते दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या ‘कॉन्फेडरेट’ सैन्यात कॅप्टन होते आणि व्हर्जिनियात जनरल लींच्या हाताखाली लढले. मुलाला शाळेसाठी हे लिहायचंय. तुम्ही नाव कॉम्प्युटरवर टाकलंत, तर त्याच नावाचे तेवीस सैनिक समोर आले. यातला आपला कोणता?

अटलांटाच्या जवळ एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात मी बावीस वर्षं काढली. तेवीस म्हणजे तुमचं नशीब बरं म्हणायचं. तुमचं आडनाव इथे लिहीत नाही, पण जुन्या जॉर्जियात ते आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकं पसरलेलं आहे, आणि तुमच्या माणसाचं नाव जेम्स, ते म्हणजे दर तिसऱ्या घरात एक.

तर आधी नाव शोधणं बंद करा. जागा शोधा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेल्यावर उपाध्ये नाव विचारत नाहीत, आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग वही काढतात. इथेही तसंच. दक्षिणेतल्या सैन्याची कंपनी, म्हणजे शंभरेक शिपायांची तुकडी (अशा दहाएक मिळून एक रेजिमेंट), बहुतेक वेळा एकाच काउंटीतून, कित्येकदा चार-पाच मैलांच्या टापूतून उभी राहायची. शेतकरी, त्याचा मेहुणा, गिरणीवाल्याची दोन पोरं, शाळामास्तर, सगळे एकाच दिवशी जाऊन नाव नोंदवायचे. म्हणून माणसाचं १८६० सालचं घर सापडलं की त्याची कंपनी जवळजवळ सापडलीच.

आणि इथेच तुम्ही अडकाल, कारण तुम्ही रॉकडेल धरून बसला आहात. रॉकडेल ही काउंटी १८७० साली न्यूटन आणि हेन्री या काउंट्यांचे तुकडे काढून झाली. युद्धाच्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती. लातूरच्या माणसानं १९७० सालचा कागद लातूर जिल्ह्याच्या दप्तरात शोधावा तसं होईल. तो उस्मानाबादेतच असणार. तेव्हा १८६० ची जनगणना उघडा आणि न्यूटन आणि हेन्री दोन्ही काउंट्या बघा. बायबलमधून त्यांचं वय, बायकोचं नाव आणि थोरल्या मुलांची नावं घ्या. घर जुळलं की त्या पानावरची वरची दहा आणि खालची दहा कुटुंबं, त्यातले पंधरा ते चाळीस वयाचे पुरुष, एका कागदावर उतरवून काढा. जनगणनेचा माणूस घरोघर फिरायचा, त्यामुळे पानावरचे शेजारी बहुधा प्रत्यक्षातलेही शेजारीच असतात. ही वीस घरं म्हणजे तुमची चाळणी.

आता त्या तेवीस जणांच्या कंपन्या घ्या आणि एकेका कंपनीच्या यादीशी तुमचा कागद ताडून बघा. बावीस कंपन्यांत तुमच्या शेजाऱ्यांपैकी एक किंवा शून्य नाव निघेल. एखाद्या कंपनीत सहा-सात निघतील, त्यात बायकोच्या माहेरचं आडनावही असेल. तिथे थांबा.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझ्या विहीणबाईंच्या घराण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. नाव जुळलं, वय जुळलं, मधलं आद्याक्षरसुद्धा जुळलं. सहा महिने मी त्या माणसाच्या मागे होते; त्याची जखम, त्याचं इस्पितळ, सगळं टिपून सुरेख फाईल केली. ख्रिसमसला सगळ्यांसमोर ती वाचली. नंतर त्यांच्या आत्याकडून विधवेच्या पेन्शनचा अर्ज आला आणि कळलं, आमचा माणूस वेगळ्याच रेजिमेंटचा. मी ज्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं होतं तो कुणा भलत्याचाच पूर्वज! तेव्हापासून शेजारी जुळल्याशिवाय मी कुणालाही नात्यात घेत नाही.

आता कागद कुठून येतात तेही समजून घ्या, नाहीतर रिकाम्या जागा बघून चुकीचे अर्थ काढाल. २ एप्रिल १८६५ च्या रात्री दक्षिणेच्या सरकारनं राजधानी रिचमंड सोडली, शहराला आग लागली आणि कागदपत्रांचा मोठा हिस्सा गेला. काही पेट्या आधीच रेल्वेनं हलवल्या होत्या. त्या शेवटी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला पोचल्या आणि जनरल सॅम्युअल कूपर यांनी त्या उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात दिल्या. म्हणजे बंडखोरांचं दप्तर टिकलं ते जिंकणाऱ्यांच्या हाती पडलं म्हणून. १९०३ पासून वॉशिंग्टनच्या वॉर डिपार्टमेंटमधल्या कारकुनांनी ते हजेरीपट, इस्पितळांच्या वह्या, कैद्यांची रजिस्टरं एकेक करून वाचली आणि ज्याचं नाव दिसलं त्याच्या नावाचं कार्ड केलं. एका माणसाची सगळी कार्डं एका लिफाफ्यात. हीच आजची सेवापत्रं. मूळ लिफाफे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, चित्रं फोल्ड३ या साइटवर. घरून बघायला पैसे पडतात, पण बऱ्याच ग्रंथालयांत फुकट बघता येतात, आधी फोन करून विचारा.

लिफाफा उघडलात की आधी तळाशी बघा. ‘हेही पाहा’ असं लिहून दुसरं स्पेलिंग दिलेलं असतं. कारकुनाला ते दोघे एकच वाटले होते, पण खात्री नव्हती. जेम्सचं जुनं लघुरूप आणि जोसेफचं लघुरूप यांत एका अक्षराचा फरक; शाई पसरली की जेम्सचा जोसेफ होतो. जॉनचा तर हमखास जोनाथन होतो. रेजिमेंटच्या आकड्यालाही भुलू नका. ‘पाचवी जॉर्जिया’ म्हटलं तर पाचवी जॉर्जिया पायदळ आहे, पाचवी घोडदळ आहे आणि पाचवी राखीवही आहे. घरच्या पत्रात तर आकडा नसतोच, कंपनीचं लाडकं नाव असतं. सव्हानाची ‘ओगलथॉर्प लाइट इन्फंट्री’ म्हणजे सरकारी कागदावर आठव्या जॉर्जिया पायदळाची बी कंपनी. आणि तेच नाव लावणाऱ्या आणखीही कंपन्या होत्या.

हजेरी दर दोन महिन्यांनी, पगारासाठी घ्यायची असा नियम. साध्या शिपायाला महिन्याला ११ डॉलर, जून १८६४ पासून १८, आणि तेही कागदी, ज्यांची किंमत तोवर रद्दीइतकी झाली होती. एका कार्डावर एक हजेरी: हजर की गैरहजर, शेवटचा पगार कधी आणि कुणी दिला, आणि खाली शेऱ्याची एक ओळ. खरा माणूस त्या ओळीत असतो. ‘इस्पितळात’, ‘गाड्या हाकायच्या कामावर’, ‘चपला नाहीत म्हणून मागे’. जॉर्जियाच्या बऱ्याच तुकड्यांची कार्डं १८६४ च्या शेवटी-शेवटी तुटतात. याचा अर्थ माणूस पळाला असा नाही. हजेरीपट लिहिणारं, ठेवणारं कुणी उरलं नव्हतं, एवढाच.

पळालेलेही होते, आणि तुमच्या पेटीतल्या पत्राची तारीख बघता तुम्ही त्याची मनाची तयारी ठेवा. १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचा जनरल शर्मन याचं सैन्य उत्तर जॉर्जियातल्या डाल्टनपासून अटलांटाकडे सरकत गेलं, तसतशी उत्तर जॉर्जियातल्या शिपायांची घरं शत्रूच्या हद्दीत गेली. बायकापोरं मागे, पुढे पगार नाही. मग कार्डावर उत्तरेच्या रजिस्टरमधली नोंद दिसते: एकनिष्ठेची शपथ घेतली, युद्ध संपेपर्यंत ओहायो नदीच्या उत्तरेला राहण्याच्या अटीवर सोडलं. घरच्या गोष्टीत हे कधीच येत नाही. गोष्टीत ते ‘युद्धानंतर पायी चालत घरी आले’ असतात. मी आता अशी नोंद दाखवताना आधी पाणी विचारते. एका आजोबांनी माझ्यासमोर फाईल मिटली आणि निघून गेले. दोन आठवड्यांनी परत येऊन म्हणाले, त्या माणसाला तेव्हा चार पोरं होती, मीही तेच केलं असतं.

आता तुमचं पत्र. ते सोन्यासारखं आहे, कारण ते गोष्टीच्या विरुद्ध साक्ष देतंय. २५ नोव्हेंबर १८६३ ला मिशनरी रिजवर हार झाल्यावर दक्षिणेची टेनेसी सेना मागे हटून डाल्टनला हिवाळाभर पडून होती. सेनापती जोसेफ जॉन्स्टन. लींची सेना तेव्हा शेकडो मैल दूर, व्हर्जिनियात. म्हणजे फेब्रुवारी १८६४ मध्ये तुमचा माणूस लींच्या हाताखाली नव्हता. आधी कधी असेल आणि बदलून आला असेल, तर ते कार्डावर दिसेल. पण माझा अनुभव असा की इथल्या प्रत्येक घराचा पूर्वज लींबरोबर असतो, जसा आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा एक तरी पुरुष पानिपतावर असतो. जॉन्स्टनच्या हाताखाली माघार घेतली हे दिवाणखान्यात सांगायला बरं वाटत नाही.

त्या एका तारखेनं तुमचे तेवीस झरझर गळतील. १८६४ च्या आधी मेलेले गेले. व्हर्जिनियातल्या रेजिमेंटवाले तात्पुरते बाजूला. मिशनरी रिजला पकडून इलिनॉयच्या रॉक आयलंड तुरुंगात टाकलेले गेले, ते डाल्टनहून पत्र कसं लिहितील? आणि जॉर्जियाचा एक खास कागद आहे जो फार लोक बघत नाहीत: डिसेंबर १८६३ च्या कायद्यानं राज्याच्या मिलिशियासाठी, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या राखणीच्या फौजेसाठी, १६ ते ६० वयाच्या, सैन्यात नसलेल्या गोऱ्या पुरुषांची मोजणी झाली. वय, धंदा, बंदूक आहे का, घोडा आहे का, सगळं त्यात. १८६४ च्या सुरुवातीला जो जेम्स त्या यादीत घरी बसलेला दिसतो, तो तुमचा नव्हे. सगळ्या काउंट्यांच्या याद्या टिकल्या नाहीत, तरी बघाच.

शेवटाचंही तसंच. ते टेनेसी सेनेत अखेरपर्यंत राहिले असतील तर अपोमॅटॉक्सच्या, म्हणजे लींनी शरणागती दिली तिथल्या, २८,२३१ जणांच्या पॅरोल यादीत (पुन्हा लढणार नाही या वचनावर सोडलेल्यांच्या) शोधून उपयोग नाही. जॉन्स्टननं २६ एप्रिल १८६५ ला नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमजवळच्या बेनेट यांच्या शेतघरात शरणागती दिली आणि त्याच्या माणसांचे पॅरोल ग्रीन्सबरोला लिहिले गेले. कॉन्फेडरेट स्मृतिदिन जॉर्जियात २६ एप्रिललाच पाळत आले, तो याच तारखेवरून.

कॅप्टनपदाचं काय? असू शकतं. दक्षिणेत कंपनीचे अधिकारी शिपाईच मतं देऊन निवडायचे. एप्रिल १८६२ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला, तुकड्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा कित्येक कॅप्टन मतांत पडले आणि घरी गेले किंवा साधे शिपाई झाले. लिफाफ्यावर ‘भरतीच्या वेळचा हुद्दा’ आणि ‘सुटतानाचा हुद्दा’ असे दोन रकाने असतात ते बघा. पण दुसरी शक्यता जास्त. १८८९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला माजी सैनिकांची युनायटेड कॉन्फेडरेट व्हेटरन्स ही संघटना निघाली. तिच्यात हुद्दे लष्करी थाटाचे होते. वीस वर्षं शेती केलेला शिपाई म्हातारपणी तिथे कॅप्टन, कर्नल व्हायचा आणि नातवंडं तेच धरून बसायची. आपल्याकडे गावच्या बँडमास्तरला मास्तर म्हणतात त्यातलाच प्रकार.

लोखंडी क्रूस पुराव्यात फार धरू नका. युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या बायकांच्या संघटनेनं ‘सदर्न क्रॉस ऑफ ऑनर’ हे पदक द्यायला सुरुवात केली ती १९०० साली, जॉर्जियाच्या अथेन्समध्ये. थडग्याजवळचे क्रूस त्याच धाटणीचे. विसाव्या शतकात कुणीतरी त्यांना माजी सैनिक मानलं, एवढंच त्यावरून कळतं. फोटोचंही तेच. टिनटाइप, म्हणजे असा पत्र्यावरचा फोटो, आरशासारखा उलटा येतो, बटणं चुकीच्या बाजूला दिसतील. आणि गणवेश किंवा पिस्तूल स्टुडिओचंही असू शकतं. बायबलमध्ये मात्र एक गोष्ट जरूर करा: छपाईचं साल बघा. बायबल १८७४ चं आणि पहिली नोंद १८३८ ची असेल, सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हातच्या असतील, तर त्या कुणीतरी मागाहून आठवून लिहिल्या आहेत. खोट्या नव्हेत, पण साल एक-दोन इकडेतिकडे होऊ शकतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या पेन्शनला. या सैनिकांना केंद्र सरकारनं पेन्शन दिली नाही, ते हरलेल्या बाजूचे. दक्षिणेतल्या राज्यांनी आपापल्या तिजोरीतून दिली, आणि अर्ज करायचा तो ज्या राज्यात राहतो तिथे. लढला कुठून याला महत्त्व नाही. म्हातारपणी लेकीकडे टेक्ससला गेला असेल तर कागद टेक्ससला. तुमचा माणूस रॉकडेलमध्ये पुरलाय, तेव्हा जॉर्जियात बघा. जॉर्जिया अभिलेखागार मॉरोला आहे, आणि त्यांचे पेन्शनचे अर्ज त्यांच्या साइटवर फुकट बघता येतात. त्यांचा नाही मिळाला तर बायकोचा शोधा, विधवेचा अर्ज बऱ्याचदा जास्त बोलतो. तिला लग्नाची तारीख आणि जागा द्यावी लागायची, नवरा कोणत्या कंपनीत, कधी गेला, शरणागतीच्या दिवशी कुठे होता आणि नसेल तर का, घरात काय आहे, पोट कसं भरतं, सगळं. वर शपथेवर सांगणारे साक्षीदार, बहुधा त्याच कंपनीतले. त्यांची नावं तुमच्या वीस घरांच्या कागदाशी ताडा. जुळली की मग मला पेढे पाठवा.

एक गोष्ट मुलाच्या प्रकल्पासाठी. १८६० च्या जनगणनेबरोबर गुलामांची वेगळी यादी होती. ती बघा, टाळू नका. तिच्यात मालकाचं नाव आहे, आणि त्याच्या खाली माणसं नाहीत, नुसतं वय, लिंग, रंग. नावं नाहीत. तुमच्या माणसाचं किंवा त्याच्या सासऱ्याचं नाव तिथे असेल तर ते प्रकल्पात असायला हवं. नसेल तर तेही लिहा, पण तेवढ्यावर ‘ते तर आपल्या घरासाठी लढले’ असं म्हणून सोडू नका. दक्षिणेच्या सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स हे जॉर्जियाचेच. त्यांनी २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात नव्या सरकारचा पाया गुलामगिरीवर आहे असं उघड सांगितलं होतं. तुमचा मुलगा एका बाजूनं त्या घरचा आहे आणि एका बाजूनं आपल्या घरचा. त्याला दोन्हीकडचं खरं पेलेल. माझ्या नातवाला पेललं.

शेवटी ते पाकीट. तुम्ही लिहिलंय की त्यावर काही नाही, म्हणून बाजूला ठेवलंय. खरं तर कायद्यानं शिपायाला तिकिटाशिवाय पत्र धाडता यायचं, पैसे घेणाऱ्यानं भरायचे; पण मग पाकिटावर स्वतःचं नाव, हुद्दा, कंपनी, रेजिमेंट लिहावी लागायची. तुमच्या माणसानं तिकीट लावलं आणि आपली सोय घालवली. पण १८६४ मध्ये दक्षिणेत कागदाचा एवढा दुष्काळ होता की आलेलं पाकीट उकलून, आतली बाजू बाहेर काढून, परत चिकटवून त्यातच उत्तर धाडायचे. भिंतीच्या कागदाचीही पाकिटं करायचे. डाल्टनच्या छावणीत बसलेल्या माणसाकडे कोरं पाकीट कुठून येणार? त्याच्याकडे बायकोनं पाठवलेलं असणार. आणि बायकोनं पत्र पोचावं म्हणून त्यावर त्याची कंपनी, रेजिमेंट, कॅप्टनचं नाव लिहिलेलं असणार.

तर आज रात्री हात धुऊन, कोरडे करून बसा. चिकटपट्टी, लॅमिनेशन, वाफ काहीही वापरू नका. घडी ओढू नका. पाकिटाचं तोंड दोन बोटांनी जरासं फाकवा, मोबाईलचा दिवा आत टाका आणि बघा, आतल्या बाजूला शाई आहे का.